कार्यवृत्तात नसलेलं

एकोणीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून बसले
रिजायनाच्या विधानभवनात, तळघरात,
आणि वर सभागृहात जे बोललं गेलं ते टाइप केलं.
खोकला टाइप करायचा नाही, असा नियम.
उसासा नाही. घोटही नाही पाण्याचा.

ऑरेस्ट पेरेपेलुक आधी गुरांचा लिलाव पुकारायचा
झोरिया गावच्या बाजारात, दर मंगळवारी.
एका दमात चाळीस कालवडी विकायचा म्हणे;
आकडे असे सुसाट सुटायचे त्याच्या जिभेवरून
की गिऱ्हाइकाला कान खाजवायची भीती,
न जाणो, एखादा वळू गळ्यात पडायचा.

त्याच जिभेवर तो निवडून आला. चार वेळा.
पहिल्या भाषणात माझं नख तुटलं:
खडीचा रस्ता, एक्स-रे मशीन, युक्रेनी शिकवायला एक तरी मास्तर,
आणि मध्येच आईच्या बीटाच्या सुपावर एक विनोद,
कुणी हसलं नाही.
मी तो तसाच ठेवला. कायमचा.

मग त्याला स्पीकर केलं.
प्रथेप्रमाणे दोघांनी दंडाला धरून खुर्चीकडे ओढला,
प्रथेप्रमाणे तो मागे रेटत राहिला.
गॅलरीतून बघत होती त्याची बायको, ओलेना.
नंतर जिन्यात भेटली, म्हणाली,
"नाटक नव्हतं गं ते."

स्पीकर म्हणजे बोलणारा,
आणि बोलणाऱ्यानं तेवढं बोलायचं नाही.
हातोडासुद्धा नाही इथे.
त्यानं आपला आणला होता बाजारातला, मेपलचा,
काळ्या झग्याच्या खिशात लपवून;
क्लार्कनं हात पुढे केला. "द्या इकडे, साहेब.
तुम्ही नुसते उभे राहा. तुम्ही उभे, की सगळे खाली."

सहा वर्षं माझ्या कानात एवढंच:
ऑर्डर. माननीय सदस्य. ऑर्डर.
एका बटणावर बसवलं होतं मी ते सगळं.

झोरियाला नदीवर तारेची फेरीबोट होती.
सरकारी, फुकट, एका वेळी सहा गाड्या.
चालवायचा त्याचा थोरला भाऊ, स्टेफान.
काटकसरीचं विधेयक आलं, त्यात फेरीबोट गेली.
विरोधकांनी दुरुस्ती मांडली: ती राहू द्या.
अठ्ठावीस विरुद्ध अठ्ठावीस.
सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या असणार;
माना टेपवर येत नाहीत.

अकरा सेकंद.
मी ती अकरा सेकंदं किती वेळा मागे नेऊन ऐकली
हे कुणाला सांगितलेलं नाही.
खुर्चीच्या हातावर बोटं वाजतात.
मग माइकपासून लांब, दाताआड, बाजारातला आवाज:
एक वार.
दोन वार.

आणि मग स्पीकरचा:
"मतं समान असता विधेयक आहे तसं ठेवावं, ही प्रथा आहे.
अध्यक्षांचं मत दुरुस्तीच्या विरोधात."

मी तेवढंच टाइप केलं.

पुढच्या निवडणुकीत तो एकेचाळीस मतांनी पडला.
नदीपल्याड मतदार किती, मी मोजायला गेले नाही.
कॉरिडॉरमध्ये त्याचं तैलचित्र लागलं, तोंड मिटलेलं;
चित्रकार वैतागलेला, म्हणे हा माणूस बसता बसेना गप्प.

निवृत्त झाल्यावर एकदा गाडी काढून झोरियाला गेले.
उतार तसाच आहे, थेट पाण्यात जाणारा.
तार काढून नेली, खांब राहिलेत.
ऑरेस्ट काठावर उभा होता, घोट्यापर्यंत ओला,
तोंडाला दोन्ही हात लावून पल्याड ओरडत होता
काहीतरी माशांबद्दल, बर्फ कधी धरेल त्याबद्दल.
पल्याड एक माणूस होता, टोपीवाला. स्टेफानच असावा.

पूल एकतीस किलोमीटर खाली आहे.
ऑरेस्टचा आवाज पोचत होता, ते नक्की;
वारा आमच्याकडूनच तिकडे होता.
तो माणूस उत्तर देत होता की नुसता उभा होता
ते मला कळलं नाही.
हेडफोन नव्हते ना.