फेसलेली मोहरी

हॅलोविन होऊन चार दिवस झाले
आणि हॅरल्ड लिंडक्विस्ट दारात उभा,
पोटाशी भोपळा धरून.
"दोन आणायची सवय," म्हणाला. "कोरला एकच."
दुसरा जॉइस कोरायची,
हे तो बोलला नाही.

डुलुथला नोव्हेंबरात दही लागत नाही.
ओव्हनचा नुसता दिवा लावून
दुलईच्या तुकड्यात गुंडाळलेलं पातेलं
मी रात्रभर आत ठेवते,
आणि दारावर चिठ्ठी : ओव्हन लावू नका.
घरात दुसरं कोणी नाही.
चिठ्ठी माझ्यासाठीच.

भोपळा कोरण्यातला, खाण्यातला नव्हे.
पाणचट, दोऱ्यादोऱ्यांचा.
वाफवला तर वाटीभर पाणी सुटलं.
ते ओतलं, उरलेलं चमच्यानं मोडलं,
मीठ, मिरची, चिमूट साखर,
वर दही. फार ढवळायचं नाही.
मग मोहरी.

फोडणीत तडतडते ती वेगळी.
ही फेसायची. पाण्याचा थेंब, मिठाचा खडा,
आणि खलात गोल गोल
नाकात सणक जाईपर्यंत.
मालूआत्या म्हणायची,
मोहरी रागावलेल्या बाईनं फेसावी.
मला त्या दिवशी राग नव्हता.
तरी चढली.

तो ओट्याशी उभ्यानंच खायला लागला.
पम्पकिन पाय करशील वाटलं होतं, म्हणाला.
दुसऱ्या घासाला थांबला.
डोळे भरले, नाक लाल,
एक हात ओट्याच्या कडेवर घट्ट.
मी पाणी दिलं नाही. पाण्यानं जात नाही ते.
"काय आहे हे?"
मोहरी.
"मोरी," त्यानं म्हणून पाहिलं.
मी दुरुस्त केलं नाही.
आमच्याकडे मोरीत भांडी घासतात, पाय धुतात,
बाहेरून अंगाला लागून आलेलं
सगळं तिथंच सोडून देतात.
चालेल. मोरी तर मोरी.

मग तो बराच वेळ डोळे पुसत राहिला.
मोहरी इतका वेळ टिकत नाही.

वाटी परत आली ती एप्रिल संपता संपता,
सरोवरावरचा बर्फ फुटल्यावर.
मी ती विसरलेही होते, खरं तर
कपाटात पाचच वाट्या आहेत
याची सवय करून घेतली होती.
रिकामी वाटी परत करू नये
हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक मूळ,
मातीसकट, अंगठ्याएवढं, वेडंवाकडं.
हॉर्सरॅडिश. जॉइसनं कुंपणापाशी लावलेलं.
दोनदा उपटून टाकलं, म्हणाला,
तरी येतंच.
"किसून बघ. पण खिडकी उघडी ठेव."

काकडी चोचवून झाली आहे,
दही लागलंय, या खेपेला चिठ्ठीशिवाय.
मूळ धुतलं, सोललं,
किसणी घेतली.
खिडकी बंद आहे.