वाफा क्रमांक सतरा

कार्तिकात सुकरी नैताम पानं उलटी करून बघते.
साग, आठ महिन्यांचा, गुडघ्याएवढा.
सोळाव्या वाफ्यात बोट फिरवलं
की नारिंगी भुकटी लागते.
ती लुगड्याला पुसत नाही, राखेत घासते:
"हा तांबेरा कपड्यावरून बी चालत जाते."

सतराव्यात भुकटी नाही.
फक्त ठिपके,
मोहरीहून बारीक, करपलेले.
मी वहीत 'रोगट' लिहिलं
तर तिनं पेनच धरला:
"थांबा जी. हे पान जरलं नाही, यानं जारलं."

बीजाणू उतरला तेवढीच जागा
पानानं आपणहून मारून टाकली,
चार पेशी, फार तर चाळीस.
वणव्याआधी जाळरेषा काढतात, तशी.

पळता न येणाऱ्याला
हे कुणी शिकवलं, ठाऊक नाही.
बी आलं होतं नाल्यावरच्या
एका वाकड्या सागाचं,
लाकूडवाल्यांनी दोनदा नाकारलेल्या.
त्याच्या पेशीपेशीत लिहिलेलं:
हा आला, ओळखलास,
तर दार लावत बसू नको,
खोलीच पेटव.

मी 'रोगट' खोडलं.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
सुकरी तोवर
अठराव्या वाफ्यात वाकली होती.