एक तास पाच मिनिटं

शेजारच्या ऋतुराजनं मोबाइल पुढे केला:
नाशिक ते इंदूर, हवेतून साडेतीनशेच्या वर थोडं,
एक तास पाच मिनिटं.
म्हणाला, काका, डुलकी लागायच्या आत उतराल.

मी ओझरच्या कारखान्यात
विमानांच्या पंखांना रिव्हेट ठोकले, एकतीस वर्षं.
पंख पुढे कुठे जातात, विचारायची पद्धत नव्हती.
भोंगा झाला की कंपनीची बस, आडगाव, घर.

पमाताईला इंदूरला दिली तेव्हा मी आठवीत.
आग्रा रोडनं रात्रभर जायचो:
चांदवडला चहा, धुळ्याला बाबांची बिडी,
सेंधव्याच्या घाटात माझ्या ओकाऱ्या,
उजाडताना पोहे, वर बारीक शेव,
आणि दारात ताई, पदराला कणीक लागलेली.

मग आई गेली.
मग सातपूरचा प्लॉट.
मग एक वाक्य, जे मी बोललो,
आणि एक, जे हेमलतानं सावरायला म्हणून बोलून
आणखी बिघडवलं.
अकरा वर्षं.
हे ऋतुराजच्या मोबाइलमध्ये दिसत नाही.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन.
ऑपरेशन आहे, आई तुमचं नाव घेते.
घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाला.
तीनदा म्हणाला.

तिकिटावर पंधरा किलो.
वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवली: एकोणीस सहाशे.
मनुका राहू दिल्या, चिवडा राहू दिला,
आईचा लोखंडी खलबत्ता काढला,
पाच किलो भरला एकटा.
प्लॉटच्याही आधी त्याच्यावरूनच धुसफूस झालेली.
हेमलता काही बोलली नाही.
ओट्यावर ठेवून त्यावर फडकं टाकलं.

ओझरला धुकं.
द्राक्षबागा दिसेनात, धावपट्टी दिसेना,
काचेपलीकडे विमानाच्या शेपटाचं नुसतं टोक.
उभ्या उभ्या रिव्हेट मोजायला गेलो,
नवाच्या पुढे सगळं पांढरं.
साडेदहाला काउंटरवरची मुलगी म्हणाली, रद्द.
पैसे परत मिळतील.
बाकीचे चिडले.
मी बॅग उचलली, ती फारच हलकी लागली हाताला.

रिक्षा करून घरी आलो.
हेमलतानं दार उघडलं, मला पाहिलं,
आणि आत जाऊन फडकं उचललं.

एसटीत वजन कोणी करत नाही.
द्वारका, आडगाव, पुन्हा ओझर, आता लख्ख उन्हात.
वर कुठेतरी घरघर झाली, मान वर केली नाही.
खलबत्ता मांडीवर.
खड्डा आला की आत बत्ता वाजतो, ठण्,
आणि शेजारचा माणूस दर वेळी दचकून बघतो.
चांदवडला तो उतरला. दुसरा बसला. तोही बघायला लागला.

दिवे लागले तेव्हा घाट सुरू झाला होता.
रेंज आली आणि लगेच ताईचा फोन.
कुठे आहेस?
घाटात.
मग कितीतरी वळणं दोघंही गप्प.
मग ती:
अजून उलटी होते का रे तुला?

नाही आता, म्हणालो,
आणि खिडकी सरकवली.