जास्तीची दहा मिनिटं

डुलुथला, मार्लिसच्या तळघरात, दर गुरुवारी
आम्ही एका मेलेल्या राजाच्या थडग्यात उतरतो.
वर रस्त्यावरून बर्फ ढकलणारं यंत्र जातं
तेव्हा टेबलावरचे फासे आपसूक थरथरतात
आणि डेल्फीन ओरडते, हा आकडा धरायचा नाही हं!

आर्विड निस्काला, वय एकाहत्तर,
लोहखनिजाच्या धक्क्यावर चौतीस वर्षं काढलेला,
आमचा जादूगार. चिकट जादूगार.
रोज पहाटे त्याला चार मंत्रांपुरतं बळ मिळतं
आणि निजताना त्यातलं तीन मंत्रांपुरतं गाठीला असतं.
मी चोर. माझ्या हाती काही टिकत नाही,
म्हणून हे मला बघवत नाही.

चष्मा कपाळावर सारून, ओळीवर बोट ठेवून
तो नियम वाचतो:
ज्या मंत्रापुढे विधीची खूण आहे
तो दोन रीतींनी म्हणता येतो.
घाईनं म्हणा, बळ जाईल.
दमानं म्हणा, दहा मिनिटं जास्तीची द्या,
बळ जागच्या जागी राहील.
मंत्र वहीत उतरवलेला हवा.
आगीचा गोळा असा दमानं टाकता येत नाही
(मी विचारून झालंय).
आणि मध्येच चित्त ढळलं तर विधी मोडला,
पुन्हा पहिल्यापासून.
नुकसान काही नाही. फक्त वेळ.

त्या गुरुवारी थडग्याच्या दारावर लेख निघाला,
कुणाच्याच ओळखीची नसलेली अक्षरं.
आर्विडनं वही उघडली: परकी भाषा कळण्याचा मंत्र.
साहित्य, चिमूटभर काजळी, चिमूटभर मीठ.
मार्लिस नेहमीसारखी म्हणाली,
"बरं, दहा मिनिटं गेली. दारावर लिहिलंय की..."
"नाही गेली," आर्विड म्हणाला,
आणि कोटाच्या खिशातून
अंडी उकडायचं घड्याळ काढलं, कोंबडीच्या आकाराचं.
मान पिरगाळून दहावर आणली.

पहिली दोन मिनिटं आम्ही हसलो.
मग भट्टी सुरू झाली, पाइप खडखडले,
डेल्फीननं हातमोज्याचा उसवलेला अंगठा शिवायला घेतला.
दारावरचं वाक्य एकट्या मार्लिसला ठाऊक;
तिनं ते तळहाताखाली झाकलं.
बटाट्याच्या पुडीतलं मीठ, मेणबत्तीची काजळी,
आर्विडचे ओठ हलत होते.
मंत्र असेल. वाणसामानाची यादीही असेल.
मी एक जांभई गिळली.

सातव्या मिनिटाला फोन वाजला.
सप्टेंबरपासून तो फोन दर गुरुवारी
टेबलावर उताणा ठेवलेला असायचा,
आम्हाला वाटायचं वेळ बघायला.
पडद्यावर अँकरेजचा नंबर.
आर्विडनं कोंबडीकडे बघितलं, तीन मिनिटं उरलेली,
आणि फोन उचलून, गुडघा विसरून,
जिना चढून गेला.

"विधी मोडला," मार्लिस म्हणाली,
पण इतकं हळू, की नोंद कुणी केली नाही.

डोक्यावरच्या फळ्यांतून त्याचा आवाज येत होता.
फिनिश असावं. दोन शब्द, मग बराच वेळ काही नाही.
मग एक शब्द.
त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत होतं:
या मंत्रानं शब्दाचा सरळ अर्थ कळेल,
त्यामागं दडवलेलं कळणार नाही.
आम्हाला तर सरळही कळत नव्हता.
कोंबडी वाजली. मार्लिसनं तिला मुठीत दाबून धरलं.

तो उतरला तेव्हा कॉफीवर साय धरली होती.
कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
सांडलेलं मीठ पत्त्याच्या कडेनं गोळा केलं,
पुन्हा चिमूट केली.

कुलूप मी फोडू शकलो असतो. एका फाश्याचं काम.
फासा कधीचा मुठीत होता, घामेजलेला, गरम.
आर्विडनं कोंबडीची मान दहावर आणली,
आणि मी तो टेबलावर ठेवला,
घरंगळणार नाही असा, अलगद.