कशापेक्षा?

लोरिआँच्या बंदरामागे, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मंगळवारी संध्याकाळी सातला वर्ग भरतो.
हीटर आहे. चालत नाही.
ओदील ल गेनेक अंगातला कोट न काढताच फळ्यावर लिहितात :
प्ल्यू. म्वाँ. ओसी.
जास्त. कमी. तितकंच.
त्यापुढे क्रियाविशेषण, आणि मागोमाग एक एवढासा 'क',
आपल्या 'पेक्षा'च्या कामावरचा.
फक्त आपला 'पेक्षा' ज्याला धरतो त्याच्या पाठीला चिकटतो,
ह्यांचा 'क' आधी येऊन दार उघडून उभा राहतो :
या, कोण येतंय तुलनेला?

टेकलेला हे निम्मं शिकवावंच लागलं नाही.
'बाँझूर' यायच्या आधी त्याला 'प्ल्यू वीत' येत होतं.
पहाटे चारला, बांगड्यांच्या पेट्यांपुढे,
हातमोज्यात सुरी, हातमोज्यात पाणी,
आणि पाठीमागून मुकादम कर्व्हेलाचा आवाज :
प्ल्यू वीत! प्ल्यू वीत! आणखी भरभर!
तीन वर्षं.
आज कळतंय की ते वाक्य अर्धंच होतं.
हात वर करून तो विचारतो,
"मादाम, 'क' नसला तर चालतं?"
"बोलताना चालतं. समोरच्याला माहीत असतं ना."
टेकले वहीत लिहून घेतो : समोरच्याला माहीत असतं.
मग त्याखाली : मला नाही.

पुढचा नियम नियमाबाहेरचा.
'ब्याँ' म्हणजे चांगलं, नीट.
पण अधिक चांगलं म्हणजे 'प्ल्यू ब्याँ' नव्हे.
तिथे 'मिय' नावाचा भलताच कोणी येऊन बसतो
ज्याच्या चेहऱ्यावर 'ब्याँ'ची एक रेघही नाही.
वर्ग कुरकुरतो. टेकले मात्र हसतो.
त्याचा मावसभाऊ हाब्तोम नाँतला गेला, कागद मिळाले,
जुनी का होईना गाडी घेतली,
आणि हल्ली फोन उचलून म्हणतो, "तोम बोलतोय."
कळलं, मादाम. बरे दिवस आले की नाव बदलतं.

गुलालई मागच्या बाकावर. रात्री कचेऱ्या पुसते.
तिची पाळी येते तेव्हा ती आधी पेनाला टोपण लावते,
मग म्हणते, "झं प्लर प्ल्यू."
आणि ओदीलचा खडू थांबतो.
कारण इथे एक 'स' आहे.
तो उच्चारला, प्ल्यूस, तर : मी जास्त रडते.
गिळला तर : मी आता रडत नाही.
'आणखी'ही हाच शब्द, 'पुरे झालं'ही हाच,
मधे फक्त दातांतून सुटणारी जराशी हवा.
"गुलालई, 'स' म्हणायचा होता, की नव्हता?"
गुलालई फळ्याकडे बघते. मग खिडकीकडे,
जिथे बर्फाची गाडी पिक् पिक् करत मागे सरते आहे.
"वार कुठला, त्यावर आहे," ती म्हणते.

ओदील वहीत गुण मांडतात, किती ते सांगत नाहीत.
शेवटच्या दहा मिनिटांसाठी त्यांच्याकडे एक उदाहरण होतं,
आईचं, ती पूर्वीपेक्षा किती हळू चालते त्याचं.
ते कोटाच्या खिशात तसंच घरी जातं.

बुधवार. पहाटे चार.
बांगडे, बर्फ, सुरी.
"प्ल्यू वीत!"
टेकले मान न वळवता विचारतो, "क क्वा?"

पट्टा चालूच आहे.
कर्व्हेलाचं तोंड उघडं राहतं.
बावीस वर्षं तो हे ओरडतो आहे,
त्याआधी नऊ वर्षं ऐकत होता,
आणि ह्या वाक्याला शेपूट असतं हे
त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.
तो घड्याळाकडे बघतो, पट्ट्याकडे,
स्वतःच्या अंगठ्यावरच्या जुन्या व्रणाकडे.
"कालच्यापेक्षा," शेवटी म्हणतो.

"काल माझी सुट्टी होती," टेकले म्हणतो,
आणि पुढचा बांगडा उचलतो.