तीन उशांवर

डॉक्टर एतेरी म्हणाली, डोकं उंच ठेवायचं,
वाकायचं नाही, नाक शिंकरायचं तर मुळीच नाही,
शिंक आलीच तर तोंड उघडं टाकून द्यायची.
लामाराने घरी येऊन तीन उशा रचल्या:
एक आमची,
एक मुलीची, ती पोलंडला गेल्यापासून कुणी न वापरलेली,
तिसरी म्हणजे माझाच हिवाळी कोट, बाह्या आत दुमडून.
त्यावर मी अर्धा बसलो, अर्धा निजलो,
कुताइसीच्या बाजारात भिंतीला टेकवलेल्या भोपळ्यासारखा.

नाकावर पट्टी, आत ठासून कापूस.
सत्तावन्न वर्षांचा मी, एकवीस वर्षं मिनीबस चालवलेली.
नाकासमोर चालणारा माणूस, असं लोक म्हणायचे.
नाक तर डावीकडे वळलेलं.
खरंच त्याच्यासमोर चाललो असतो
तर सवाऱ्यांसकट रिओनी नदीत गेलो असतो.

रात्री ओठ लाकडासारखे होतात.
लामारा अक्रोडाचं तेल लावते, बोटाने, न बोलता.
गोठवलेले वाटाणे फडक्यात गुंडाळून डोळ्यांखाली धरते,
ते मऊ पडले की फ्रीजचं दार, मग दुसरी पिशवी.
हेच वाटाणे रविवारी सूपमध्ये येणार आहेत,
मी ओळखून आहे तिला.

सूप कोमट. चव नाही.
नाक बंद असलं की लसूणसुद्धा नुसता मऊ असतो.
शेजारचा ओतार द्राक्षाची दारू घेऊन आला,
सगळ्यावर हेच औषध, म्हणाला,
आणि वासच येईना म्हणून
आयुष्यात पहिल्यांदा मी नको म्हणालो.
तो जरा घाबरूनच घरी गेला.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
माझं तिसऱ्या रात्री उघडलं.

लामारा, म्हटलं, हे कुस्तीत मोडलं नव्हतं.
ढोल, सनई, तो मार्त्विलीचा दांडगा गडी,
सगळं रचलेलं.
मी द्राक्षांच्या गाडीवरून पडलो होतो.
गाडी उभी होती.
बैलसुद्धा जुंपलेले नव्हते.

तिने वाटाण्यांची पिशवी उलटी केली.
तामाझने सांगितलं होतं मला, म्हणाली,
आपल्या लग्नातच, केक कापायच्या आधी.

एकतीस वर्षं!
मग दर वेळी ऐकून का घ्यायचीस?

तो गडी मला आवडायचा, म्हणाली.
दर वेळी तू त्याला चार बोटं उंच करायचास.

हसायचं नव्हतं. हसलो.
कोटाच्या कॉलरवर रक्ताचा एक थेंब पडला,
आणि तिने मला मुलांना झापतात तसं झापलं.

सहाव्या दिवशी कापूस निघाला.
आधी स्पिरिटचा वास, मग डिझेलचा,
मग कोपऱ्यावरच्या भट्टीतल्या पावाचा, इतका जवळून
की मी थबकलो, मागची बाई अंगावर आदळली.
दोन्ही नाकपुड्यांतून वारा जात होता,
मिनीबसची पुढची-मागची दारं
एकदमच उघडावीत तसा.

घरी आलो. उशा उचलायला वाकलो नाही, सांगितलंय तसा,
गुडघ्यांवर बसलो.
माझ्या कोटाला माझाच वास होता, सांगण्यासारखा नाही.
पण मधल्या उशीत
मुलगी होती.
तिचं साबण, तिचं डोकं, थोडी मेथी,
चार वर्षांनंतरही.
मी सहा रात्री त्यावर निजलो आणि मला पत्ता नाही.
भांडी विसळून झाली की लामारा
त्या रिकाम्या खोलीत पाच मिनिटं काय करते,
हे मी कधी विचारलं नव्हतं.
आताही विचारलं नाही.
उशी होती तिथे ठेवून आलो, दार लोटून.

रात्री एकाच उशीवर, पाठीवर, सरळ.
श्वास असा जातो-येतो की मलाच ऐकू येत नाही.
लामारा जागी. दोनदा तिने
माझ्या छातीवर हात ठेवून पाहिला.
आहे गं, म्हटलं.
घोरत नाहीस तू, ती म्हणाली, झोप कशी लागणार?
थोडा वेळ गप्प राहिली.
मग कुशीवर वळून म्हणाली,
बरं, तो मार्त्विलीचा गडी...
किती उंच होता म्हणालास?