इर्जिक

मार्केट यार्डात प्रत्येक पोत्याला भाव असतो.
उचलायला हमाली, मोजायला तोलाई,
सांडलेलं झाडून घेणाऱ्या बाईचाही
सुपामागं इतका, असा ठरलेला.
मी हे सगळं लिहिते बाबगोंडा अण्णांच्या पेढीवर,
दहा ते सात,
आणि बोटांवरची राजापुरी घरी घेऊन जाते.
माझ्या कीबोर्डवरची तीन अक्षरं कधीच गेलीत,
तिथं नुसते पिवळे डाग.

रात्री साडेदहाला मी नदी दुरुस्त करते.

कृष्णा नव्हे. तिचं कोण करणार.
ही दुसरी, वीस वर्षांपूर्वीच्या एका खेळातली.
कॉलेज कॉर्नरच्या कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून
जिच्या काठावर मी पहिल्यांदा उभी राहिले
आणि कुठल्याशा देशातून कुणीतरी टाइप केलं:
नवीन आहेस? चल, पलीकडं सोडतो.

आता खेळ म्हातारा झालाय.
पगारी माणसं दोन उरली होती, तीही गेली.
कंपनीनं पत्र धाडलं, ज्यांचा जीव आहे त्यांनी यावं.
चौदा पानांचा करार. तुम्ही जे कराल ते आमचं.
नवव्या पानावर ‘स्वेच्छेने’ हा शब्द सहा वेळा.
मी सही केली. जुनेदनंही केली,
मिरजेत सतारीचे भोपळे कोरणाऱ्या घरातला पोरगा,
त्यानं किल्ल्याच्या दरवाज्याची करकर सुरात आणली.
आणि बुडापेस्टचा एक निवृत्त पोस्टमन,
तो फक्त झाडं मोजतो,
कुठलं हवेत तरंगत नाही ना, ते बघतो.

माझ्याकडं नावाडी आला.
अकरा वर्षं नदीच्या मध्यात अडकलेला,
वल्हं वर, तोंड उघडं.
त्याच्या कोडात खोल उतरल्यावर
दोन हजार तीन साली कुणीतरी लिहून ठेवलेलं सापडलं:
‘तात्पुरतं आहे. उद्या नीट करतो.’
सत्तावीस रात्री लागल्या.
नावाडी हलला तेव्हा पहाटेचे तीन,
गल्लीत फक्त पाणी सोडणाऱ्याची सायकल.
कुणाला सांगणार? उठून चहा टाकला.
ती ओळ मात्र पुसली नाही.

“किती देत्यात गं?” अण्णांनी विचारलं एकदा.
काही नाही म्हटल्यावर चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
“मग वेठच की ही.”
“इर्जिक म्हणा,” मी म्हटलं.
कवठ्याकडं आमच्या आज्याची इर्जिक असायची,
एका रानात वीस नांगर,
मोल कुणी मागायचं नाही.
अण्णा हिशेबाचे पक्के.
“इर्जिकीला रात्री जेवाण असतंय, पोरी.
आणि रान गावातल्याच माणसाचं.”

त्या रात्री वहीत नवा रकाना आखला.
तास: एक हजार एकशे चाळीस.
दर:
पुढं पेन चाललं नाही.

मार्चमध्ये कंपनीनं सोन्याची होडी विकायला काढली.
माझाच नावाडी, माझंच वल्हवणं,
चारशे नव्व्याण्णव रुपयांत रांग न लावता पलीकडं.
मी लिहायला घेतलं, पैसे नकोत, पण नाव तरी
आणि खोडलं. पैसे नकोत हे खरं नव्हतं.
गेल्या साली हमालांनी तीन दिवस काटा बंद ठेवला
तेव्हा पोत्यामागं मिळालेली वाढ मीच लिहिली होती.
शेवटी एकच ओळ पाठवली: जेवण कधी आहे?
उत्तर चार सेकंदांत आलं,
आपल्या जिव्हाळ्याबद्दल आभारी आहोत.

जुनेद खूप हसला. मग म्हणाला,
“या महिन्यात मी दरवाजे उघडत नाही.”
पोस्टमननं कळवलं, झाडं आपापली उभी राहतील.

मीही बंद करायलाच गेले होते.
काठावर कुणीतरी उभं होतं,
साधे कपडे, हातात काठी, पहिलाच दिवस.
टाइप करायचं, पुसायचं, परत करायचं:
इथून पलीकडं कसं जायचं?
सोन्याची होडी बाजूला चमकत होती.
साधी पुन्हा मध्यात अडकलेली,
वल्हं वर.

थांब, मी लिहिलं. तात्पुरतं आहे हे.
‘उद्या’पर्यंत आले
आणि पिवळी बोटं तशीच राहिली.